यजमान बसत नाही

त्या माणसाने कोट काढला नाही, हे सगळ्यांत आधी पेर्सिदाच्या नजरेत भरलं. मे महिना, माणसांनी भरलेली खोली, चुलीवर कोकराचं सूप रटरटतंय, तादिया मामांनी तर बंडीची बटणंसुद्धा सोडून ठेवलेली. आणि हा पाहुणा काळा कातडी कोट गळ्यापर्यंत लावून भिंतीकडेला बसलेला. असा कोट त्या साली गावात कोणाकडे नव्हता. असेच कोट घातलेली माणसं गेल्या शरदात मोटारीतून आली होती आणि तिच्या दिराला, ग्लिगोरला, न्हाव्याच्या खुर्चीवरून उचलून घेऊन गेली होती. अर्ध्या गालावरचा फेसही पुसू दिला नव्हता. ग्लिगोर काय बोलला होता? रशियनांबद्दल दोन बरे शब्द. दोन वर्षांपूर्वी तेच बोलला असता तर टाळ्या मिळाल्या असत्या. आपल्या सरकारचं आणि त्यांचं फाटलंय हे त्याला जरा उशिरा कळलं. त्यानंतर त्याचं पत्र नाही, निरोप नाही.

"कोण आहे हो तो?" धाकट्या सुनेने, नेवेनाने, परात खाली ठेवत विचारलं.

"मला काय ठाऊक."

"विचारा की."

"शहरातच वाढलीस तू. स्लावाच्या दिवशी आलेल्याला विचारतात का कोण म्हणून?"

आमच्याकडे ही रीतच आहे. लग्नाला आमंत्रण लागतं, बारशाला लागतं. स्लावाला, म्हणजे घराच्या संताच्या दिवशी, मात्र कोणालाच बोलावत नाहीत. दार उघडं ठेवायचं, येईल तो आपला. उंबऱ्यावर त्याला अक्रोड घातलेले गोड गहू चमचाभर द्यायचे, आत बसवायचं आणि तो स्वतःहून उठेपर्यंत वाढत राहायचं. तू कोण, कुठला, कशाला आलास, असं विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. चांगल्या काळासाठी ही रीत फार चांगली आहे.

"उंबऱ्यावर गहू घेतले त्याने," पेर्सिदा हळू आवाजात म्हणाली. "क्रूसाची खूण करायला हात उचलला, छातीपर्यंत नेला आणि तिथेच सोडला. सवय नाही त्याला. त्या लोकांना नसतेच."

"आणि सारखा ओझ्रेनच्या पायांकडे बघतोय," नेवेना म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि परत एकदा दारातून आत पाहिलं. मेणबत्तीशेजारी ओझ्रेन प्रोदानोव, पेर्सिदाचा धाकटा मुलगा आणि नेवेनाचा नवरा, सुरई घेऊन उभा होता. हसत होता. उजव्या पायावर भार घ्यायचा नाही म्हणून डाव्या हाताने टेबलाची कड धरली होती, पण हे त्या दोघींनाच कळत होतं.

यजमान त्या दिवशी बसत नाही. मेणबत्ती जळते आहे आणि घरात पाहुणा आहे तोवर उभ्यानेच वाढायचं, उभ्यानेच प्याला उचलायचा. वडील लढाईत गेल्यावर हा मान खरा थोरल्याचा, स्वेतोझारचा. पण स्वेतोझार कम्युनिस्ट पक्षात गेला, सहकारी सोसायटीचा अध्यक्ष झाला, आणि पक्षाच्या माणसाला संत परवडत नाहीत. म्हणून मेणबत्ती धाकट्याच्या हातात आली. बेलग्रेडच्या क्लबाचा सेंटर फॉरवर्ड, दोनशेच्या वर गोल मारलेला माणूस, दर वर्षी जुर्जेवदानाला, घराच्या संताच्या या दिवशी, आगगाडीने गावी यायचा आणि दिवसभर गावकऱ्यांना वाढत उभा राहायचा. गावाला त्याचं कौतुक होतं.

या वर्षी मात्र त्या कौतुकाला गुडघा आडवा आला होता. झाग्रेबच्या सामन्यात एक दांडगा बचावपटू त्याच्यावर पडला. ओझ्रेन उठला, हसला, शेवटी गोलही मारला आणि कोणाला कळू न देता घरी येऊन नेवेनासमोर ढसाढसा रडला. आत काहीतरी फाटलं होतं. पुढच्या महिन्यात राष्ट्रीय संघ बोटीने ब्राझीलला विश्वचषक खेळायला जाणार, त्या यादीत त्याचं नाव होतं. तिसावं चालू होतं. लढाईने ऐन उमेदीची चार वर्षं खाल्ली होती. आणखी चार वर्षांनी त्याला कोणी कशाला नेणार होतं? आठवडाभर पाय उंच ठेवून पडून राहिला तर सूज उतरेल आणि शिबिरातला डॉक्टर वरवर बघून सोडेल, एवढीच आशा होती. आणि आज तो सकाळपासून उभा होता.

*

ओझ्रेनला पट्टीखाली गुडघा ठणकताना कळत होता. नेवेनाने व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं सकाळी आवळून बांधलं होतं. आता ते आवळलं होतं की गुडघाच फुगला होता, देव जाणे. पाहुणे कमी होत होते. शेजारी उठले, शाळामास्तर उठले. कातडी कोटवाला उठेना. कोणी गेलं की तोही उठायला जाई, ओझ्रेनकडे बघे आणि परत खाली बसे.

"तुम्ही लोकांनी याला आता आता पाहिलाय," तादिया मामा रंगात आले होते. राकिया दारूचा दुसरा चषक पोटात गेला की मामांना भाच्याचे गोल आठवत. "मी अनवाणी खेळताना पाहिलाय. गुरांच्या माळावर. त्या शेजारगावच्या रेल्वेवाल्यांना याने सात घातले होते, सात! अठरा वर्षांचं पोरगं. पाऊस असा, की गोलकीपरला चेंडू दिसेना."

"सहा," कोटवाला म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. दुपारभरात त्याने मीठ मागण्यापलीकडे तोंड उघडलं नव्हतं.

"काय म्हणालात?"

"सहा गोल. सातवा रेषेवर होता. आत गेलाच नव्हता. आणि पाऊस आधी पडून गेला होता, सामन्यात नव्हता."

मामांनी बंडीचं एक बटण लावलं. ओझ्रेनने पाहुण्याचा प्याला भरला. गावच्या माळावरचा, लढाईच्या आधीचा, कुठल्या पेपरातही न आलेला सामना. हे लोक इतकं मागपर्यंत जातात? ग्लिगोर काकांसारख्यांनाही म्हणे शाळेत असताना कोणाच्या बाकावर बसायचात इथून विचारायला सुरुवात केली होती.

"बरोबर असेल तुमचं," ओझ्रेन म्हणाला. "मामा मोजताना हात सढळ ठेवतात."

"कोणत्या पायाने मारलास शेवटचा, आठवतं?"

"नाही."

"उजव्या," माणूस म्हणाला आणि त्याची नजर परत खाली, ओझ्रेनच्या उजव्या पायावर गेली. तो आणखी काही बोलणार होता, पण मध्येच लाजल्यासारखा सुपाकडे वळला. ओझ्रेनला ती लाज दिसली नाही. त्याला कोट दिसत होता. "वाइन संपली, आलोच," असं म्हणून तो कोठीच्या खोलीकडे गेला, आणि त्या चार पावलांत न लंगडण्यासाठी त्याला झाग्रेबच्या गोलपेक्षा जास्त कष्ट पडले.

*

मागच्या अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात, पडदा ओढून, स्वेतोझार आपल्याच घरच्या सणाचं जेवण चोरासारखं जेवत होता. तो दर वर्षी बागेच्या कुंपणातून यायचा. नेवेना ताट घेऊन आली तेव्हा त्याने पहिल्यांदा तिच्या मागे कोणी नाही ना हे पाहिलं.

"उठला का तो?"

"नाही. तिसऱ्यांदा सूप घेतलं. आणि भाऊजी, त्याला लढाईच्या आधीचे सामने माहीत आहेत. गोलसकट."

स्वेतोझारने चमचा ठेवला. "कोट कसा आहे?"

"कातडी. काळा. तुम्ही एकदा समोर या ना. तुमच्या ओळखीचा निघाला तर..."

"संताच्या मेणबत्तीसमोर उभा राहिलो की ओळख होईलच." तो हसला नाही. "माझ्यासाठी आलेला नाही तो. ओझ्रेनसाठी आलाय. गेल्या वर्षी त्यांच्या संघातला एक जण इटलीत खेळायला गेला तो तिकडेच राहिला. त्याचा भाऊ माझ्यासारखाच सोसायटीत होता. कुठे आहे आता? त्याच्या बायकोलाही ठाऊक नाही. आता हे बोट पाठवणार आहेत, समुद्रापार. तर आधी घर बघून जातात. कोण येतं, कोण जातं, मेणबत्ती कोण लावतं."

"ओझ्रेन परत येणार आहे."

"मला सांगू नकोस. त्या कोटाला सांग." त्याने आवाज आणखी खाली आणला. "नेवेना, ऐक. गुडघा दाखवू दे त्याला डॉक्टरला. खरंच तर दुखतोय ना? यादीतून नाव जाईल. बोटीवर जाणारच नसला तर परत येईल की नाही हे विचारायला कोण येतंय? घर वाचेल."

"आणि तो?"

"तोही वाचेल."

"भाऊजी, तुम्ही त्याला खेळताना कधी नीट पाहिलंयत का?" नेवेनाचा आवाज चढला आणि तिने स्वतःच तोंडावर पदर धरावा तसा हात धरला. "चार वर्षं लाकडं फोडली त्याने जर्मनांच्या छावणीत. रात्री पडल्या पडल्या पाय हलवायचा, विसरू नयेत म्हणून. आज यादीत नाव आलंय. तुम्ही जर तोंड उघडलंत ना, तर मी तुम्हाला जन्मात भाऊजी म्हणणार नाही."

"बरं, बरं. नाही उघडत."

तिला त्याने खरंच तसं सांगितलं, आणि त्या क्षणी त्याच्या मनातही तेच होतं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. ती गेल्यावर तो ताट उचलून अंगणात आला. कोठीची लहान खिडकी उघडी होती. आत ओझ्रेन पिंपाला टेकून उभा होता, पाय हवेत धरून, आणि आई त्याच्यासमोर. आई काय बोलली ते स्वेतोझारने स्पष्ट ऐकलं.

"तिकडे गेलास की परत येऊ नकोस."

तो जागच्या जागी थिजला. ही बाई सकाळी त्याला म्हणाली होती, तू म्हणशील तसं करू, पडदे ओढू, गाणं नको. आणि आता हे.

"ऐकतोयस ना? मी ग्लिगोरला नेताना पाहिलंय. तुलाही नेतील. आज नाही तर उद्या. नेवेनाला मी कशीतरी पाठवीन. तू जा आणि तिकडेच राहा."

ओझ्रेन काही बोलेना. स्वेतोझार वाट बघत राहिला. भाऊ गप्पच होता, आणि त्या गप्प राहण्यात स्वेतोझारला आपली दोन मुलं दिसली, आपली खुर्ची दिसली, न्हाव्याचं दुकान दिसलं. त्याने ताट कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवलं आणि कुंपणातून बाहेर पडला.

सोसायटीच्या कचेरीत सणामुळे कोणी नव्हतं. त्याने टेलिफोनचं हँडल फिरवलं. बेलग्रेड लागायला वेळ लागला, आणि त्या वेळात त्याला परत फिरता आलं असतं. क्लबाच्या डॉक्टरला त्याने नाव सांगितलं, नातं सांगितलं. "माझा भाऊ लपवतोय," तो म्हणाला. "त्याच्या भल्यासाठी सांगतोय." हे वाक्य त्याने दोनदा म्हटलं. पलीकडच्या माणसाने ते एकदाही विचारलं नव्हतं.

*

"काय म्हणतेस, कळतंय का तुला?" कोठीत ओझ्रेन शेवटी बोलला होता. त्याने आईचे दोन्ही हात धरले होते. "परत येऊ नको म्हणे. मग पुढच्या वर्षी मेणबत्ती कोण लावणार? दादा?"

पेर्सिदाला हसू आलं आणि रडूही.

"मी येणार आई. मला तिकडे राहायचं नाही. मला फक्त एकदा त्या मैदानावर खेळायचंय. दहा मिनिटं मिळाली तरी चालतील. मग गुडघा गेला तर गेला, गावी येऊन मधमाश्या पाळतो."

"आणि तो बाहेर बसलाय तो?"

"त्याला सूप वाढ."

पेर्सिदाने सुपाचं भांडं उचललं. पण टेबलापाशी पोचेपर्यंत तिच्या आत काहीतरी उलटं झालं. एक नवरा गेला होता, एक दीर गेला होता, आणि ती कोणालाही काही न विचारता वाढतच आली होती. तिने भांडं त्या माणसासमोर आदळलं.

"तुम्ही कोण?" ती म्हणाली.

तादिया मामांनी डोळे मिटून घेतले. या घरात, या दिवशी, असा प्रश्न कोणी ऐकला नव्हता. माणूस उठला. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

"मला वाटलं, हा ओळखेल," तो ओझ्रेनकडे बघत पुटपुटला. "म्हणून थांबलो. आता ओळखेल, मग ओळखेल. आपणच सांगायचं म्हणजे बढाई मारल्यासारखं होतं." त्याने बाहीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि टेबलावर ठेवले. एकही बोट सरळ नव्हतं. "पांता सेकुलिन. शेजारगावच्या रेल्वे संघाचा गोली. सहा गोल माझ्यावरच झाले, वहिनी. सातवा रेषेवर होता, देवाशपथ."

मग मामांच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला आणि तो हसण्याचा आहे हे बाकीच्यांना जरा वेळाने कळलं.

"आणि हा कोट?" मामांनी डोळे पुसत विचारलं. "अहो, जीव घेतलात आमचा."

"जावयाचा आहे. पक्षाच्या कमिटीचा ड्रायव्हर आहे तो. एवढ्या मोठ्या माणसाच्या घरी जातोय म्हणून बायकोने बळेच घातला."

"मग काढायचा की, भाजून निघालात!"

"काढू कसा? आत सदऱ्याला पाठच नाही."

नेवेना दाराच्या चौकटीला डोकं टेकून हसत होती. पेर्सिदाने त्याला बसवलं, माफी मागितली, परत मागितली. "क्रूस अर्धाच का केलात मग?" तिने विचारलंच. "खांदा वर जात नाही," तो म्हणाला. "तो पाचव्या गोलचा."

ओझ्रेन त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. दोनशेच्या वर गोल, आणि जाळ्यातून चेंडू काढणाऱ्या एकाही माणसाचा चेहरा त्याला आठवेना. त्याने कधी तिकडे पाहिलंच नव्हतं. त्याला मनापासून शरम वाटली आणि त्याने ती बोलून दाखवली.

"त्यात काय," पांता म्हणाला. "तुम्हाला जाळं दिसतं, आम्हाला पाय दिसतात." मग त्याने आवाज एकदम खाली आणला. "उजवा ना? झाग्रेबला होतो मी, इंजिनावर ड्यूटी होती, ती सुटल्यावर सामना बघितला. पडलास तेव्हाच कळलं मला. तेच सांगायचं होतं, की कळलंय, पण कोणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही. तू तिकडे जा आणि खेळ. कोणी विचारलं तर सांगेन, मला सहा घालणारा गेलाय."

ओझ्रेनने त्याच्या वाकड्या बोटांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. सकाळपासून पहिल्यांदा त्याला गुडघा दुखत असल्याचं विसरायला झालं.

तेवढ्यात पुढचं दार उघडलं. स्वेतोझार आत आला, रस्त्याच्या बाजूने, सगळ्यांच्या देखत. संकट टळलं, आता भावाच्या शेजारी उभं राहायला हरकत नाही, असं त्याने वाटेत ठरवलं होतं. चार वर्षांत तो या दाराने स्लावाला आला नव्हता. मामांनी आरोळीच ठोकली.

"या अध्यक्ष! संत पावला म्हणायचा!"

"दादा, ये, ये," ओझ्रेन म्हणाला. "हा बघ आपला गुप्त पोलीस. मला सहा गोल मारू देणारा गोली. कोट जावयाचा." तो अजून हसत होता. "आज प्याला तू उचल. नाहीतरी मान तुझाच."

पेर्सिदाने थोरल्याला गव्हाचा चमचा पुढे केला. त्याने तो घेतला नाही. तो पांताच्या कोटाकडे बघत होता, मग त्या हातांकडे.

"काय झालं?" नेवेनाने विचारलं. विचारतानाच तिला कळलं असावं, कारण तिने हातातली परात हळूच खाली ठेवली.

"मी टेलिफोन केला," स्वेतोझार म्हणाला.

"कोणाला?"

"क्लबाच्या डॉक्टरांना. गुडघ्याचं सांगितलं." तो बोलतच राहिला. "ते म्हणाले, बरं झालं वेळेवर कळलं. लगेच कळवतो वर. दुसऱ्याला घेतील. म्हणाले, शरदात बघू."

"परत फोन कर," नेवेना म्हणाली. "सांग की खोटं बोललास."

"ते उद्या सकाळी मोटार पाठवतायत. तपासायला."

पेर्सिदा चमचा तसाच धरून उभी होती. "तू खिडकीपाशी होतास," ती म्हणाली.

"हो."

"माझं ऐकलंस."

"हो, आई."

"त्याचं उत्तर ऐकायला थांबला नाहीस."

स्वेतोझारने भावाकडे पाहिलं. उत्तर काय होतं, हे विचारायचं त्याला धैर्य झालं नाही, आणि कोणी सांगितलंही नाही. मेणबत्ती अजून अर्धीसुद्धा जळली नव्हती. ओझ्रेनने सुरई टेबलावर ठेवली, तिचं तोंड फडक्याने पुसलं, भिंतीकडची एक खुर्ची ओढली आणि पाहुण्यादेखत तिच्यावर बसला.

पांता सेकुलिन उठला आणि मेणबत्तीशेजारी, यजमानाच्या जागी, उभा राहिला.